मुक्या पडद्याचे वकीलपत्र



ज्या दिवंगत गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांना गाण्याचे जितके वेड होते तितकाच कुस्तीचाही षोक होता. आणि सकाळी तालमीच्या हौद्याशी बसलेला माणूस रात्री मैफलीत पुढच्या बैठकीवर दिसावा, यात कोल्हापुरात कोणाला नवल वाटण्याचे कारणही नव्हते, कारण ज्या शाहू छत्रपतींनी अल्लादिया खांसाहेबांना दरबारचा आश्रय दिला त्यांनीच १९१२ साली खासबागेचे मैदान कुस्त्यांसाठी उभे केले. तेव्हा संगीताच्या व्यासपीठावरून मुष्टियुद्धाविषयी बोलण्याबद्दल निदान या नगरीत तरी मला क्षमायाचना करावी लागू नये. माझा विषय मात्र कोल्हापूरचा नाही. तो अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याचा, त्याच्यावर निघालेल्या दोन अनुबोधपटांचा, आणि त्या अनुबोधपटांना लाभलेल्या परस्परविरोधी अशा दोन संगीतांचा आहे. योद्ध्याचे नाव जॅक जॉन्सन. संगीतकार दोघे, माइल्स डेव्हिस आणि विंटन मार्सालिस. दोघेही ट्रंपेटवादक, दोघेही कृष्णवर्णीय, आणि आपल्या जातिबांधवांचे संगीत म्हणजे काय या एकाच प्रश्नावर एकमेकांचे कट्टर प्रतिपक्षी.

१८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि नीग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला, हे आपणांस ठाऊक आहे. त्या अर्पणपत्रिकेनंतर पाचच वर्षांनी, ३१ मार्च १८७८ रोजी, टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन या बंदरगावी, पूर्वी गुलामगिरीत राहिलेल्या आईबापांच्या पोटी जॉन्सन जन्मला. दास्यमुक्तीचा कायदा झाला होता. परंतु कायद्याने सुटलेला माणूस व्यवहारात कितपत सुटला, याची परीक्षा जॉन्सनच्या आयुष्याइतकी कठोरपणे क्वचितच कोणाच्या आयुष्याने घेतली असेल. अवजड वजनाच्या गटाचे जगज्जेतेपद ही त्या काळी गोऱ्यांची अलिखित वतनदारी होती. कृष्णवर्णीयांशी इतर लढती होत, परंतु या एका पदासाठी त्यांना रिंगणात घेण्याचा रिवाज नव्हता. जॉन्सनने तत्कालीन विजेता टॉमी बर्न्स याचा देशोदेशी पाठलाग केला आणि अखेर ऑस्ट्रेलियात सिडनी येथे त्याला गाठले. २६ डिसेंबर १९०८ रोजी लढत झाली. बर्न्सला त्याकरिता ३०,००० डॉलर मिळाले आणि जॉन्सनला ५,०००, ही एक बाब त्या वतनदारीचा सगळा हिशेब सांगून जाते.

त्या लढतीचे चित्रीकरण होत होते. चौदाव्या फेरीत बर्न्सची दशा इतकी केविलवाणी झाली की पोलिसांनी लढत थांबविली, आणि लढतीबरोबर कॅमेराही थांबविला. गोरा जगज्जेता कृष्णवर्णीयापुढे कोसळला हे हजारोंनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. पण ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी त्याचा पुरावा मागे राहू नये, एवढी दक्षता घेतली गेली. माझ्या आजच्या विवेचनाचा आरंभ त्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यापासून होतो.

यानंतरची हकीकत बहुश्रुत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. निवृत्त झालेला अजिंक्य गोरा योद्धा जेम्स जेफ्रीज याने परत यावे, असा धोशा वृत्तपत्रांनी लावला, आणि त्यात जॅक लंडनसारखा ख्यातनाम कादंबरीकारही सामील होता. ४ जुलै १९१० रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, नेव्हाडातील रीनो येथे भर उन्हात ती लढत झाली आणि पंधराव्या फेरीत जेफ्रीज संपला. त्या रात्री अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मारली गेली, आणि मेलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. लगोलग ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांनी लढतीच्या चित्रपटाच्या प्रदर्शनावर मनाईहुकूम काढले. आणि १९१२ साली तर खुद्द काँग्रेसने कायदा करून मुष्टियुद्धाची चित्रे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी घातली. हा कायदा १९४० पर्यंत अमलात होता. कायद्याचा विनोद असा की १९१५ मध्ये हवाना येथे जेस विलर्डने जॉन्सनला सव्विसाव्या फेरीत पाडले, तेव्हा गोऱ्यांना डोळे भरून पाहावीशी वाटणारी ती फिल्मही याच कायद्याने देशाबाहेर अडकली. ती आत आणण्यासाठी काही हिकमती लोकांनी कॅनडाच्या सरहद्दीवर अलीकडे कॅमेरा आणि पलीकडे मूळ फिल्म ठेवून, फिल्म सरहद्द न ओलांडता केवळ तिच्यातून आलेला प्रकाश अमेरिकेत घेण्याची युक्ती लढविली. जकात नाक्यावरील कारकुनांपुढे हा प्रसंग कोणत्या कलमाखाली नोंदवावा असा पेच पडला असेल, याची कल्पना करून पाहावी.

आता रीनोच्या फिल्मकडे जरा जवळून पाहा. ती आज उपलब्ध आहे, आणि जुनी असूनही बरीच स्पष्ट आहे. जेफ्रीज पुढे झुकून, हनुवटी छातीत दडवून रेटत येतो. जॉन्सन ताठ उभा, उघड्या पंजांनी त्याचे दंड वरच्या वर धरून ठेवतो, ढकलतो, पुन्हा धरतो, आणि ही झटापट चाललेली असताना त्याचे तोंड सारखे हालत असते. तो बोलत आहे. जेफ्रीजच्या कोपऱ्यात पूर्वीचा जगज्जेता जिम कॉर्बेट उभा राहून त्याला जातिवाचक शिव्या मोजतो आहे आणि जॉन्सन खांद्यावरून मान वळवून त्याला उत्तरे देतो आहे, मधेच सोन्याचे दात दाखवून हसतो आहे. जॉन्सनच्या युद्धतंत्रात हे बोलणे त्याच्या डाव्या हाताइतकेच महत्त्वाचे होते, असे त्याचे समकालीन एकमुखाने सांगतात; प्रतिस्पर्ध्याला तो आधी शब्दांनी थकवी आणि मग मुठींनी. परंतु फिल्म मूक आहे. ओठ हालताना दिसतात, शब्द एकही ऐकू येत नाही. ज्यांनी ही चित्रे घेतली त्यांची अपेक्षा जॉन्सनच्या पराभवाची होती. त्याचे शरीर त्यांना पाहिजे होते, त्याचे म्हणणे नको होते, आणि मिळालेही नाही. न्यायाच्या भाषेत बोलायचे तर, घटनेचा प्रत्यक्ष साक्षीदार हजर आहे, पण त्याची जबानी नाही.

म्हणून मला असे वाटते की जॉन्सनवरील कोणत्याही अनुबोधपटात संगीत हे शोभेसाठी किंवा पार्श्वभूमीसाठी येतच नाही. खासबागेत हलगी कडाडते तेव्हा ती समोर चाललेल्या कुस्तीला त्याच क्षणी साद देत असते. डाव रंगला की तिची लय चढते, आणि पैलवानाला ती ऐकू येते. रीनोच्या फिल्मवर चढविलेले संगीत जॉन्सनला कधीच ऐकू आले नाही. ते साठ वर्षांनी, पंचाण्णव वर्षांनी, दुसऱ्यांनी त्याच्या वतीने केलेले निवेदन आहे. त्याचे वकीलपत्र कोणी, कोणत्या अधिकाराने घेतले, आणि वकिलाने अशिलाची बाजू मांडली की स्वतःची, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक वेळी विचारावाच लागतो.

अशिलाची स्वतःची आवड काय होती, हे आधी पाहू. जॉन्सनला संगीताचे खरेखुरे प्रेम होते. बास व्हायोल हे पुरुषभर उंचीचे, खर्जातील तंतुवाद्य तो वाजवीत असे. आणि त्याला सर्वांत प्रिय होता इटालियन ऑपेरा, त्यातही व्हर्दीचा ‘इल त्रोव्हातोरे’. नेपोलियन त्याचा आवडता इतिहासपुरुष. कृष्णवर्णीयांचा प्रतिनिधी म्हणून ज्याच्याकडे पाहायचे त्या माणसाची ही रुची त्याच्या भक्तांना काहीशी गैरसोयीचीच वाटते. १९२० साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्याने एक मद्यगृह काढले. ते पुढे ओनी मॅडन या दारूच्या चोरट्या व्यापारातील दादाने त्याच्याकडून घेतले, आणि त्याचेच रूपांतर सुप्रसिद्ध कॉटन क्लबात झाले. तेथे १९२७ पासून ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद वाजू लागला आणि रेडिओवरून देशभर पोहोचला. वाजविणारे व नाचणारे कृष्णवर्णीय, आणि खुर्च्यांवर बसणारे मात्र केवळ गोरे, असा त्या क्लबाचा दंडक होता. कृष्णवर्णीय संगीताच्या इतिहासातील एवढे महत्त्वाचे घर एका मुष्टियोद्ध्याच्या मिळकतीतून निघावे आणि त्याच्या जातभाईंना गिऱ्हाईक म्हणून तेथे उंबरठा ओलांडता येऊ नये! जॅझच्या इतिहासग्रंथांत जॉन्सनच्या मालकीचा उल्लेख तळटीपेत उरकला जातो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

त्याच्या स्वतःच्या समाजातही त्याच्याविषयी एकमत नव्हते. त्याने गोऱ्या स्त्रियांशी लग्ने केली, भरधाव मोटारी उडविल्या, उंची वस्त्रे वापरली आणि कोणाचेही ऐकले नाही. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्याच्या वर्तनाचा जाहीर निषेध केला. उलट डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९१४ मध्ये ‘क्रायसिस’ मासिकात लिहिताना नेमके वर्मावर बोट ठेवले: मुष्टियुद्ध जर रानटी असेल तर ते जॉन्सनच्या आधीही होते, गोऱ्या समाजाला एकाएकी त्याची किळस येण्याचे कारण, त्यांच्या मते, जॉन्सनच्या काळेपणाखेरीज दुसरे नव्हते, आणि तो काळेपणा अक्षम्य होता. १९१३ मध्ये स्त्रियांच्या अनैतिक वाहतुकीविरुद्धचा कायदा ओढूनताणून लावून सर्व गोऱ्या ज्यूरीने त्याला दोषी ठरविले. तो परागंदा झाला, सात वर्षे देशोदेशी हिंडला, १९२० मध्ये स्वतः होऊन शरण आला आणि शिक्षा भोगून सुटला. परंतु आणखी एक गोष्ट त्याच्या चरित्रात आहे, जी सांगितल्यावाचून त्याची बाजू मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गोऱ्यांनी घातलेले कुंपण मोडून तो विजेता झाला खरा, पण विजेता झाल्यावर इतर कृष्णवर्णीय योद्ध्यांना त्यानेही, १९१३ मधील पॅरिसच्या एका लढतीचा अपवाद सोडल्यास, जगज्जेतेपदासाठी आव्हान देऊ दिले नाही. त्यांच्याशी लढण्यात पैसा नव्हता. जॉन्सन कोणाचे निशाण व्हायला जन्मला नव्हता.

त्याचे निशाण झाले ते मृत्यूनंतर. १९४६ मध्ये उत्तर कॅरोलायनात मोटार अपघातात तो गेला आणि वीस वर्षे जवळजवळ विस्मृतीत पडून राहिला. १९६७ मध्ये सैन्यभरतीस नकार दिल्याबद्दल मुहम्मद अलीचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले, आणि त्याच सुमारास हॉवर्ड सॅक्लरचे जॉन्सनच्या आयुष्यावर बेतलेले नाटक रंगभूमीवर आले; ते पाहून अलीला त्यात आपलीच कथा दिसली. जुन्या मुष्टियुद्धांच्या फिल्म्सचा प्रचंड संग्रह बाळगणारे जिम जेकब्स आणि बिल केटन या दोघांनी तो वारा ओळखला आणि आपल्या संग्रहातून १९७० साली ‘जॅक जॉन्सन’ हा अनुबोधपट सिद्ध केला. दिग्दर्शन जेकब्सचे, जॉन्सनच्या तोंडचे निवेदन ब्रॉक पीटर्स या कृष्णवर्णीय नटाच्या घनगंभीर आवाजात, आणि संगीत माइल्स डेव्हिसचे.

माइल्सची निवड व्यापारी दृष्टीने चतुर होतीच, पण ती त्याहून अधिक काही होती. सुखवस्तू दंतवैद्याच्या या मुलाला मुष्टियुद्धाचे व्यसनच होते. तो व्यायामशाळेत जाऊन नियमित सराव करी, आणि हेरॉइनच्या विळख्यातून सुटताना आपल्यासमोर शुगर रे रॉबिन्सनच्या कठोर शिस्तीचा आदर्श होता असे त्याने स्वतः सांगितले आहे. मोटारींचा षोक, कपड्यांचा नखरा, आणि कोणासमोरही मान न वाकविणे, हे सारे जॉन्सनसारखेच. १९५९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या बर्डलँड या जॅझगृहाच्या दारात, ज्याच्या पाटीवर त्याचेच नाव झळकत होते, तेथे उभे राहण्याबद्दल पोलिसांनी त्याचे डोके फोडले होते. जॉन्सनच्या फिर्यादीत माइल्स त्रयस्थ वकील नव्हता. त्याची स्वतःची फिर्याद त्याच दप्तरात होती.

या संगीताचा मुख्य भाग ७ एप्रिल १९७० रोजी ध्वनिमुद्रित झाला, आणि तो कसा झाला हे ऐकण्यासारखे आहे. वादक स्टुडिओत जमले होते. माइल्स आतल्या खोलीत निर्माता टिओ मॅसेरो याच्याशी बोलत बसला होता. वाट पाहून कंटाळलेल्या जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकाने एक साधी, घरंगळत चालणारी लय छेडली. (हाच मॅक्लॉफ्लिन पुढे ‘शक्ती’ वृंदात आपल्या झाकीर हुसेनांच्या तबल्याबरोबर वाजवू लागला, तेव्हा आपल्या रसिकांना तो सर्वस्वी परका नाही.) बिली कोबहमने ड्रमवर ती लय उचलली, विशीही न ओलांडलेला मायकेल हेंडरसन बेस गिटारवर तिला येऊन मिळाला, आणि बघता बघता तिघांनी अशी काही पकड घेतली की माइल्स बाहेर येऊन सामील झाला. तो येत आहेसे पाहून मॅक्लॉफ्लिनने सूर बदलला. आपल्या परिभाषेत सांगायचे तर, आतापर्यंतच्या षड्जाचा तीव्र मध्यम हा नवा षड्ज मानून तो तेथे जाऊन उभा राहिला. हेंडरसनला मात्र हे कळले नाही आणि तो जुन्याच षड्जावर ठाम राहिला. दोन षड्ज, आणि त्यांच्यात सप्तकातील सर्वांत अडचणीचे अंतर! आपल्या मैफलीत असा प्रसंग ओढवला तर गवई तंबोऱ्यांकडे रागाने पाहील. माइल्स त्या विसंवादाच्या ऐन मध्यात, दचकलेले न दाखविता, ट्रंपेट उंचावून शिरला, आणि त्याच्या त्या पहिल्या सुरावटींत मला जॉन्सनच्या रीनोतील उभे राहण्याची आठवण होते. समोरून एक रेटतो आहे, बाजूने दुसरा ओरडतो आहे, आणि हा ताठ. हेंडरसन यथावकाश नव्या षड्जावर आला. मॅसेरोने तो प्रमाद कापून टाकला नाही, ही त्याची रसिकता. इतक्यात काही कामासाठी सहज डोकावलेल्या हर्बी हॅन्कॉकला एका सामान्य प्रतीच्या ऑर्गनवर बसविण्यात आले आणि त्यानेही त्या गदारोळात आपला वाटा उचलला.

या संगीताच्या तबकडीची पहिली बाजू ‘राइट ऑफ’, सुमारे २७ मिनिटांची. मुष्टियोद्धा पाय सरकवीत फिरतो त्या पदन्यासाची आणि आगगाडीच्या चाकांची लय आपल्या मनात होती, आणि ही लय पुरेशी काळी आहे का, जॉन्सन हिच्यावर नाचला असता का, असा प्रश्न आपण स्वतःला विचारीत होतो, असे माइल्सने आत्मचरित्रात सांगितले आहे. ‘पुरेशी काळी’ ही त्याची कसोटी. दुसरी बाजू ‘येस्टरनाऊ’, साडेपंचवीस मिनिटांची, आणि तिच्या तळाशी हेंडरसनने धरलेला बेसचा ठेका म्हणजे जेम्स ब्राउनच्या १९६८ मधील त्या प्रख्यात गीताचा किंचित बदललेला ठेका, ज्यात आपले काळेपण मोठ्याने आणि अभिमानाने सांगण्याचे आवाहन होते. शब्द एकही नाही. केवळ खर्जातील काही स्वर, त्यांच्यामध्ये दीर्घ विराम, आणि तरीही १९७० च्या हार्लेममधील कोणत्याही पोराला ते स्वर कानी पडताच त्यावरचे शब्द मनात उमटले असते. मूक चित्रावर निःशब्द ठेका, आणि त्या दोहोंतून ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उद्भवणारे वाक्य. एवढे नेमके निवेदन मी दुसऱ्या कोणत्याही अनुबोधपटाच्या संगीतात ऐकलेले नाही. अखेरीस ब्रॉक पीटर्सचा आवाज येतो. जॉन्सन म्हणून तो आपली ओळख सांगतो: गोऱ्यांनी आपले काळेपण आपल्याला विसरू दिले नाही, आणि आता तेच काळेपण आपण त्यांना विसरू देणार नाही, अशा आशयाची त्याची दर्पोक्ती आहे. वास्तविक, ठेक्याने जे आधीच सांगितले त्याची ही केवळ पुनरुक्ती; ती नसती तरी चालले असते, असे माझे मत आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फेटाळण्याजोगा नाही. चित्रात घोडागाड्या आणि बोलर हॅट, आणि कानावर विजेची गिटार! शिवाय मॅसेरोने वेगवेगळ्या दिवशींची ध्वनिमुद्रणे कात्रीने कापून जोडलेली, त्यामुळे हे संगीत प्रसंगागणिक बेतलेले नाही. कोठे कोठे तर चित्र एक सांगते आणि संगीत आपल्याच तंद्रीत असते. पण मला विचाराल तर यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे. हे १९१० चे संगीत आहे असा बहाणा ते क्षणभरही करीत नाही. पुढच्या पिढीचा एक माणूस मागच्या पिढीच्या एका माणसाकडे पाहून बोलतो आहे, एवढेच ते म्हणते, आणि बोलणारा कोण हे लपवीत नाही.

१९७४ मध्ये अली व फोरमन यांच्या किन्शासातील लढतीसमवेत भरलेला संगीतमहोत्सव आणि त्यावरून लिऑन गॅस्टने बऱ्याच वर्षांनी पुरा केलेला, १९९६ चा ‘व्हेन वुइ वेअर किंग्ज’ हा अनुबोधपट यांचाही येथे विचार करता आला असता. तेथे जेम्स ब्राउन, बी. बी. किंग, मिरियम मकेबा प्रत्यक्ष मंचावर होते, अमेरिकेतील काळे आणि आफ्रिकेतील काळे संगीताच्या निमित्ताने एकमेकांना चाचपीत होते, आणि तो एक फार रंगतदार विषय आहे. परंतु तेथे अली बोलत होता, आणि त्याचे सारे बोलणे फिल्मवर उतरले होते. त्याला वकिलाची गरज नव्हती.

जॉन्सनकडे परत येतो. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर केन बर्न्सचा ‘अन्फर्गिव्हेबल ब्लॅकनेस’ हा साडेतीन तासांहून अधिक लांबीचा अनुबोधपट दाखविण्यात आला. नाव ड्युबॉइस यांच्या त्या लेखातून घेतलेले, लेखन जेफ्री वॉर्ड यांचे, जॉन्सनचे शब्द सॅम्युएल जॅक्सन यांच्या आवाजात, आणि संगीत विंटन मार्सालिस यांचे. मार्सालिस न्यू ऑर्लीन्सचे, तेथील परंपरेच्या कडेकोट अभिमानात वाढलेले. गुलामगिरीवरील त्यांच्या दीर्घ रचनेला १९९७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. जॅझ म्हणजे ब्लूज, स्विंग आणि आर्मस्ट्राँग-एलिंग्टन यांची परंपरा, आणि विजेच्या वाद्यांकडे वळलेला माइल्स हा त्या परंपरेशी बेइमान झालेला माणूस, ही त्यांची उघड भूमिका. १९८६ मध्ये व्हँकूव्हरच्या महोत्सवात माइल्स वाजवीत असता हा तरुण आगाऊ सूचना न देता ट्रंपेट घेऊन मंचावर चढला, आणि माइल्सने त्याला निघून जायला सांगून वादन थांबविले. मार्सालिसचे स्नेही व समीक्षक स्टॅन्ली क्राउच यांनी १९९० मध्ये माइल्सला बाजारात विकला गेलेला कलावंत ठरविणारा जळजळीत लेख लिहिला. तेच क्राउच बर्न्सच्या पटात जॉन्सनवर भाष्य करताना दिसतात. तेव्हा १९७० चा अनुबोधपट आणि त्याचे संगीत ज्यांना ठाऊक आहे अशा श्रोत्याला हा दुसरा पट जॉन्सनच्या खटल्याइतकाच माइल्सविरुद्धच्या एका जुन्या दाव्याचा पुढील टप्पा वाटतो.

मार्सालिसचे संगीत मात्र सुंदर आहे, हे मान्य केलेच पाहिजे. जेली रोल मॉर्टनच्या रचना, त्यांच्याच धाटणीच्या स्वतःच्या रचना, क्लॅरिनेटची खट्याळ कुजबूज, ट्रंपेटचा झाकण लावून दाबलेला, बोलल्यासारखा आवाज. जॉन्सन मोटारीतून उतरतो तेव्हा ते त्याच्याबरोबर ऐटीत उतरते, आणि त्याला शिक्षा होते तेव्हा अंत्ययात्रेच्या संथ चालीने चालू लागते. माइल्सने जॉन्सनला एकट्याने उभे केले होते. मार्सालिस त्याला घरदार, गल्ली, आजेपणजे देतात, तुमच्यामागे एवढी मोठी परंपरा होती असे जणू त्याला सांगतात. कृष्णवर्णीय अस्मितेची ही दुसरी बाजू तितकीच खरी आहे, आणि ज्या समाजाची वंशावळच गुलामांच्या बाजारात तोडली गेली त्याला आजेपणजे शोधून देणे हे लहान काम नव्हे.

परंतु ऐतिहासिक औचित्याचा जो हक्क हे संगीत सांगते तो तपासला तर फारसा टिकत नाही. जॅझची पहिली तबकडी १९१७ ची, आणि तीही गोऱ्या वादकांची. मॉर्टनच्या ज्या शैलीवर हे संगीत उभे आहे ती तबकड्यांवर उतरली १९२० नंतर, म्हणजे जॉन्सनची सद्दी संपल्यावर. रीनोच्या काळात जी लोकप्रिय गीते होती त्यांत कृष्णवर्णीयांची हेटाळणी करणाऱ्या गाण्यांचा मोठा भरणा होता, आणि लढतीआधी मैदानात वाजलेल्या बँडनेही तसलेच एक गाणे वाजविल्याचे काही वृत्तांतांत आढळते. तो खरा समकालीन आवाज. तो अर्थातच कोणालाही नको आहे. थोडक्यात, माइल्सचे संगीत साठ वर्षांनी चुकते तर मार्सालिसचे दहा-पंधरा वर्षांनी, आणि दोहोंपैकी पहिले आपली चूक उघड्यावर मिरवीत असल्यामुळे माझा कौल त्याच्या बाजूने पडतो. बर्न्सने मूक फिल्मवर ठोशांचे आणि गर्दीचे आवाजही चढविले आहेत. प्रेक्षकाला ते रुचतात; मला मात्र ते खोटी साक्ष घालून खरा खटला बळकट करण्यासारखे वाटतात. ठोसा बसल्याचा आवाज ऐकू येतो आणि लगेच ओठ हालतात, तेथे मात्र शांतता! त्या कृत्रिम कोलाहलात जॉन्सनचे न ऐकू येणारे बोलणे पूर्वीपेक्षाही अधिक हरवते. माइल्सच्या संगीतात निदान विराम आहेत, आणि त्या विरामांत प्रेक्षकाचे लक्ष त्या हालणाऱ्या ओठांकडे जाते.

या दोन्ही वकिलांच्या युक्तिवादात व्हर्दी कोठेच नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला इटालियन ऑपेरा प्रिय असावा हे माइल्सच्या बंडखोर काळेपणात बसत नाही आणि मार्सालिसच्या परंपरानिष्ठ काळेपणातही बसत नाही. गोऱ्यांनी त्याला एका चौकटीत कोंडले. त्याच्या प्रेमाने भारावलेल्यांनी त्याला दुसऱ्या, अधिक सन्माननीय, पण चौकटीतच ठेवले. अध्यक्षमहाराज या विधानाशी सहमत होणार नाहीत, हे मी त्यांच्याशी झालेल्या दुपारच्या चर्चेवरून जाणतो. आपल्या समाजाचे संगीत हाच माणसाचा खरा आवाज, असे त्यांचे प्रतिपादन आहे आणि त्यांचा व्यासंग माझ्याहून मोठा आहे. त्यांच्या समारोपात त्याचा समाचार घेतला जाईलच.

माझ्याकडून एवढीच माहिती द्यायची राहिली की रीनोची फिल्म २००५ मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत जतनासाठी नोंदली गेली, आणि २४ मे २०१८ रोजी राष्ट्राध्यक्षांनी जॉन्सनला मरणोत्तर क्षमा दिली. त्यानंतर आता आपण ‘येस्टरनाऊ’ची पहिली दहा मिनिटे ऐकणार आहोत, तरी ध्वनियंत्र सांभाळणाऱ्या मंडळींनी खर्ज थोडा वाढवावा.